गायीचं बटण

दिवाळीला मुलगा-सून पुण्याहून आले तेव्हा नातीचं एक पुस्तक बरोबर होतं. जाड पुठ्ठ्याची सहा पानं, तोंडात घातली तरी टोचू नयेत म्हणून कोपरे गोल केलेले, आणि उजव्या कडेला बटणांची रांग. गायीचं बटण दाबलं की गाय ओरडते, कुत्र्याचं दाबलं की कुत्रा. नात पावणेदोन वर्षांची. दोघांच्या नोकऱ्यांच्या ओढाताणीत तिला दोन-तीन महिने शेवगावात आमच्यापाशीच ठेवायचं ठरलं. ती राहिली, पुस्तकही राहिलं.

पहिल्या दोन दिवसांत घराचा गोठा झाला. देवघरापाशी बदक, न्हाणीच्या दारात डुक्कर, आणि रात्री साडेदहाला निजानीज झाल्यावर पांघरुणाखालून सिंह. बायको म्हणाली, "सेल संपेपर्यंत सोसायचं."

तिसऱ्या दिवशी दुपारी माझी आई, म्हणजे नातीची पणजी, ओसरीवर बाजरी पाखडत बसली होती. वय ऐंशीच्या पुढे. माणसांचं बोलणं तिला आता दोनदा सांगावं लागतं. नातीनं गायीचं बटण दाबलं आणि आईच्या हातातलं सूप थांबलं. तिनं आधी रस्त्याकडे पाहिलं, मग पोरीकडे.

"कुणाची रे ही?"

"पुस्तकातली आहे, आई."

तिनं ते पुन्हा दाबायला लावलं. मग आणखी एकदा. तिसऱ्यांदा म्हणाली, "हिचं वासरू तोडलंय. ही काय पाण्याची ओरडत नाय. बंद करा ते."

मी हसलो. पुस्तकाच्या पाठीवर 'मेड इन चायना' छापलेलं मी वाचलेलं होतं. पण आई आत गेल्यावर बटण दाबून कान देऊन ऐकलं. लांबलेला, शेवटाकडे वर चढत जाणारा, मध्येच चिरलेला आवाज. वासरू जवळ असतं तेव्हा गाय तोंड मिटून खालच्या पट्टीत बोलते. ते लांब गेलं की तोंड उघडून वरच्या पट्टीत. हे अभ्यासकांनी यंत्रं लावून मोजलेलं आहे, आईनं न मोजता. कुठल्यातरी देशात, कुठल्यातरी कुंपणाशी कुणीतरी मायक्रोफोन धरून उभा राहिला असणार. त्याला गायीचा आवाज हवा होता, तो मिळाला. गायीला जे हवं होतं त्याची नोंद पुस्तकात नाही. चित्रातली गाय तर हसते आहे, गळ्यात घंटा, तोंडात डेझीचं फूल, आणि बाजूला फुग्यात छापलंय, मू.

आईचं माहेर गोदाकाठचं. जायकवाडीचं काम १९६५ला सुरू झालं, १९७६ला धरणाचं लोकार्पण झालं, आणि त्या मधल्या वर्षांत आमच्या तालुक्यातल्या, शेजारच्या नेवाशातल्या, पलीकडच्या गंगापुरातल्या कितीतरी गावांनी बिऱ्हाडं उचलली. माणसं नव्या जागेला गेली. गुरं मात्र सुटली की जुन्या वाटेला लागायची, असं आई सांगते. तिच्या बापाची एक गाय पाण्याच्या कडेला जाऊन समोर बघत ओरडायची. समोर नुसतं पाणी. त्या गायीचं वासरूबिसरू काही हरवलेलं नव्हतं. गाय ओरडली की आई अजून आधी हेच विचारते, "काय म्हणती?"

आपल्या भाषेनंही हे कधीतरी ऐकलं असणार. गाय हंबरते, आणि घरातलं कुणी गेलं की बाई हंबरडा फोडते. त्या क्षणाला माणसाचा शब्द पुरेना, म्हणून गायीकडून उसना आणला.

जिल्हा परिषदेच्या शाळांत मी तीसेक वर्षं शिकवलं. मराठीच्या पेपरात 'ध्वनिदर्शक शब्द' हा हमखास प्रश्न. गायीचं हंबरणं, म्हशीचं रेकणं, घोड्याचं खिंकाळणं, कोंबड्याचं आरवणं, पारव्याचं घुमणं, मोराचा केकारव, हत्तीचा चीत्कार, माकडाचा भुभुःकार. तपासायला सोपा, पाठ करायला सोपा. आमच्या पट्ट्यातली पुष्कळ मुलं दिवाळीच्या सुमाराला आईबापांबरोबर कोयत्यावर जातात, उसाच्या फडाशी कोपीत राहतात, आणि उन्हाळ्याच्या तोंडाला परततात. अशा एका नुकत्याच परतलेल्या पोराला तोंडी परीक्षेत विचारलं, "बैलाचं काय?" छापील उत्तर होतं डुरकणं.

तो म्हणाला, "गुर्जी, डुरकतो तो वळू. गाडीचा बैल बोलत नसतो. चढ लागला का नाकातनं सूंऽऽ करतो, बास."

मी अर्धा गुण दिला. त्या अर्ध्या गुणाची अजून लाज वाटते. गाळपाच्या हंगामात रात्री आमच्या घरावरून बोधेगावच्या, भेंड्याच्या कारखान्यांकडे उसाच्या गाड्या जातात. ट्रॅक्टर येतो तो लांबूनच गाणी लावून. बैलगाडी येते ती घुंगरांवर. घुंगरांच्या मधल्या जागेत ते 'सूंऽऽ' असतं. मी पोरगा होतो तेव्हाही ते तिथेच होतं, फक्त यादीत नव्हतं म्हणून मला ऐकू आलं नव्हतं.

त्या यादीत गाढवापुढे नुसतं 'ओरडणं' लिहिलेलं असतं. हा मला कायम अन्याय वाटत आला. शेजारच्या पाथर्डी तालुक्यात मढीला कानिफनाथांची यात्रा भरते आणि रंगपंचमीच्या सुमाराला तिथे गाढवांचा बाजार असतो. दात बघून भाव ठरतात, कान धरून सौदे होतात, आणि मग एका गाढवाला काहीतरी आठवतं. ते सुरू झालं की दुसरं, तिसरं, साऱ्या माळावर. गाढव श्वास आत घेतानाही ओरडतं आणि सोडतानाही, म्हणून तो आवाज विहिरीच्या रहाटासारखा दोन्हीकडून करकरतो. एवढ्या कष्टानं ओरडणाऱ्या जनावराला परीक्षेच्या यादीत स्वतःचं क्रियापद नाही.

चित्रांतून मुलांना शिकवायचं पहिलं मोठं पुस्तक म्हणून ज्याचं नाव घेतात ते १६५८ साली न्यूरेंबर्गला छापलं गेलं. लेखक कोमेनियस, मोरावियाचा. लढायांनी देशोधडीला लागलेला धर्मोपदेशक आणि शिक्षक. पुस्तकाच्या सुरुवातीलाच त्यानं अक्षरओळख दिली आहे, ती 'अ अननसाचा' अशी नाही, आवाजांची आहे. कावळा 'आ आ' करतो, म्हणून पहिलं अक्षर कावळ्याचं. मेंढरू 'बे ए ए' करतं, म्हणून दुसरं त्याचं. मांजर, लांडगा, अस्वल, साप, बेडूक, सगळ्यांना एकेक अक्षर वाटून दिलंय, आणि शेवटाच्या आसपास गाढवालाही. मढीच्या बाजाराची त्यानं तेवढी भरपाई केली. पण त्या अक्षरमाळेत माझं बोट थांबलं ते 'ओ'वर. तिथे जनावर नाहीच. तिथे एक गाडीवान उभा आहे आणि तो 'ओ ओ ओ' असा ओरडतो आहे. जनावराला थांबवणारा असावा, किंवा हाकणारा. एवढ्या सगळ्या प्राण्यांत हा एकच माणूस असा, जो त्यांच्याशी काहीतरी बोलतो आहे.

नातीच्या पुस्तकात तो गाडीवान नाही. मी दुकानांतून पाहिलेल्या दुसऱ्या पुस्तकांतही नाही, बसस्टँडजवळ स्टेशनरीत टांगलेल्या 'प्राण्यांचे आवाज'च्या तक्त्यावरही नाही. तिथे सगळे प्राणी ओळीनं उभे राहून आपापला आवाज काढतात आणि गप्प होतात. कुणी 'ओ' देत नाही. आईला अस्वस्थ करणारी गोष्ट बहुधा हीच होती.

आवाजावरून नाव, ही तर जुनी रीत. काक हे नाव त्याच्या ओरडण्याच्या अनुकरणावरून पडलं, पक्ष्यांच्या बाबतीत असं पुष्कळदा होतं, असं यास्कानं निरुक्तात लिहून ठेवलंय. तेव्हाही त्यावर वाद घालणारा एक पंडित होताच. पाणिनीय शिक्षेत तर पाखरांना मात्रा वाटल्या आहेत. चाष एका मात्रेचं बोलतो, कावळा दोन मात्रांचं, मोर तीन मात्रांचं, आणि मुंगूस बिचारं अर्ध्या मात्रेचं. ह्रस्व-दीर्घ शिकवताना मला हा श्लोक फार उपयोगी पडला. मुंगसावर वर्ग हमखास हसायचा. आणि आपण घरोघर यास्काचंच काम पुढे चालवतो. मराठी पोराचा पहिला शब्दकोश काढून पाहा: काऊ, चिऊ, माऊ, भूभू, हम्मा. कावळा, चिमणी, मांजर हे शब्द नंतर येतात, शाळेचे असल्यासारखे. आमची नात मात्र त्या पुस्तकापायी दोन बोटींवर उभी होती. पुण्यात पाळणाघरात ती 'मू' शिकली होती, इथे पणजी 'हम्मा' म्हणायची. तिनं दोन्ही ठेवले. चित्रातली ती मू, आणि गल्लीतून जाणारी ती हम्मा. तिच्या हिशेबानं ते दोन वेगळे प्राणी होते, आणि खरं सांगायचं तर तिच्या हिशेबात मला चूक सापडली नाही.

वाघ-सिंहाचं बटण तिच्या काय कामाचं, असं मला वाटायचं. आता आमच्या जिल्ह्यात उसात बिबट्या आहे. त्याचा आवाज डरकाळीसारखा नसतो, लाकडावर करवत मागेपुढे ओढल्यासारखा असतो. तेवढा एक आवाज पोरांना ओळखता यावा. त्याचं बटण कुणी केलेलं मी पाहिलं नाही.

चौथ्या-पाचव्या दिवशी आईनं पुस्तकाशी समझोता केला. तिला ते बंद पाडता येईना, म्हणून ती उत्तरं द्यायला लागली. नात गायीचं बटण दाबायची आणि आई सूप हलवता हलवता म्हणायची, "आले गं माय, आले." मग ओठ आत घेऊन एक पुच्च पुच्च आवाज काढायची, वासराला बोलवताना काढतात तसा. कुत्रा भुंकला की "यू यू यू". पुन्हा भुंकला की "हाड!" कोंबडीला "ती ती ती", आणि हाताची चिमूट अशी हलायची की दाणे दिसावेत. बदकाशी तिची ओळख नव्हती, त्याला ती कोंबडीतच धरायची. घोडा खिंकाळला की जीभ टाळ्याला चिकटवून सोडायची, टक् टक्. सिंहाच्या पानाला मात्र काहीच नाही. पान उलटायची आणि म्हणायची, "याला कशाला बोलवायचं?"

मी हे वहीत लिहून घ्यायला बसलो आणि पंचाईत झाली. 'यू यू' लिहिता येतं, 'हाड' येतं, अंगावर घालायचं 'छू' येतं. पण जिभेच्या त्या 'टक्'ला मी 'टक्' लिहिलं ते खोटं आहे. त्यात ट नाही आणि क तर नाहीच. ओठांच्या पुच्चकारीत प कुठला, च कुठला? बैल पाण्यावर नेला की बाप हलकी शीळ घालायचा, अखंड, एका सुरात, आणि बैल त्या शिळेवर पाणी पीत राहायचे. ती कशी लिहायची? दुःख ऐकून आपण 'च् च्' करतो, पाल चुकचुकली असं म्हणतो, ते सगळं या गावाचं. क ते ज्ञ एवढी नेटकी मांडलेली आपली वर्णमाला, कंठापासून ओठांपर्यंत तोंडाचा कोपरान् कोपरा मोजून रचलेली, आणि गोठ्याच्या दारात तिचे हात टेकतात. दक्षिण आफ्रिकेतल्या झुलू आणि खोसा भाषांत जिभेचे असे टकटकाट चक्क व्यंजनं आहेत, त्यांनी लोकांची नावं होतात, भाषणं होतात. आपण ते सगळे आवाज गुरांसाठी राखून ठेवले. घरात देशमुखासारखं बोलणारा माणूस गोठ्यात शिरला की त्याच्या तोंडून असे काही आवाज निघतात, जे तो गावात कुणासमोर काढणार नाही.

एक जागा सोडून. नदीकाठी दहाव्याला पिंड ठेवलेला असतो, कावळा शिवत नाही, ऊन चढत चाललेलं असतं. कुणाचा जीव कशात अडकला याची कुजबुज होते, हात जोडून शब्द दिले जातात, आणि मग टोप्या घातलेली, पंचायती गाजवलेली मोठमोठी माणसं आभाळाकडे तोंड करून "काव काव काव" करायला लागतात. कुणी हसत नाही. मी स्वतः वडिलांच्या वेळी केलंय. त्या वेळी मला ते यास्कासारखं अनुकरण वाटलं नव्हतं. मी कावळ्याला त्याच्या नावानं हाक मारत होतो आणि तो यावा म्हणून थांबलो होतो.

आमच्यापासून पैठण तासाभराच्या वाटेवर. तिथे ज्ञानदेवांनी रेड्यामुखी वेद वदवले, ही गोष्ट महाराष्ट्रात कुणाला सांगावी लागत नाही. त्या रेड्याची समाधी पुढे जुन्नर तालुक्यात आळ्याला झाली. मला लहानपणापासून त्या गोष्टीचा आधीचा भाग जास्त लागतो. रेड्याच्या पाठीवर आसूड पडला आणि वळ ज्ञानदेवांच्या पाठीवर उठले. म्हणजे रेडा वेद बोलला ते नंतर. त्याचं न बोललेलं आधी कुणालातरी कळलं होतं.

आणि पैठणचीच दुसरी गोष्ट, तिच्याहून कितीतरी जुनी, सोमदेवानं अकराव्या शतकात काश्मिरात बसून लिहिलेल्या कथासरित्सागरात आहे. सातवाहन राजाच्या पदरी असलेल्या गुणाढ्यानं सात लक्ष श्लोकांची बृहत्कथा लिहिली, तीही पैशाचीत, म्हणजे पिशाचांच्या म्हणवल्या जाणाऱ्या भाषेत. राजानं ती हलकी भाषा म्हणून झिडकारली. गुणाढ्य रानात गेला, अग्निकुंड पेटवलं आणि एकेक पान मोठ्यानं वाचून आगीत टाकू लागला. ऐकायला रानातली जनावरं गोळा झाली. हरणं, डुकरं, रेडे, सगळी कडं करून उभी, चरायचं सोडून, डोळ्यांतून पाणी. इकडे राजाच्या ताटातलं मांस वाळकं यायला लागलं, तो आजारी पडला. चौकशी केली तेव्हा कळलं की रानातली जनावरं खातच नाहीत, कथा ऐकतात. राजा धावत गेला तोवर सहा लक्ष श्लोक जळाले होते. उरलेलं लक्षभर हाती लागलं.

मी आजवर ही गोष्ट राजाच्या पश्चात्तापाची म्हणून सांगत आलो. आता पुठ्ठ्याचं पुस्तक मांडीवर घेऊन ओसरीवर बसलेल्या दोघींकडे पाहताना वाटतं, गुणाढ्याचं ते एकच बिनचित्रांचं पुस्तक असं, जे प्राण्यांसाठी वाचलं गेलं. आपण बाकीची सगळी पुस्तकं उलट दिशेनं करत आलो. प्राण्यांचे आवाज पोरांसाठी.

पौषात सेल उतरायला लागले. आधी सिंह बसका झाला, घरात सगळ्यांना बरं वाटलं. मग गायीचा आवाज खाली खाली ओढला जायला लागला, खर्जात, घरघर लागल्यासारखा. आई म्हणाली, "आजारी पडली." दोन दिवसांनी बटण दाबलं तर नुसतं 'टिक्'. मी तालुक्याच्या बाजारात सेल शोधले. ते चपटे, शर्टाच्या गुंडीएवढे, एका दुकानात होते पण त्या मापाचे नव्हते. मी जास्त खटपट केली नाही, हे कबूल करतो.

नातीला फरक पडला नाही. बटण दाबायचं, 'टिक्' झालं की पणजीनं बोलायचं, किंवा आता तिनंच. तिची जीभ अजून बोबडी. पाणी म्हणता येत नव्हतं, पण टाळ्यावरचं ते टक् टक् लख्ख निघायचं.

संक्रांतीनंतरची गोष्ट. दुपारची वेळ, ओसरीवर ऊन आलेलं. नातीनं पुस्तक जमिनीवर उघडं ठेवलं, कुत्र्याचं पान काढलं. हातात भाकरीचा तुकडा होता, तो त्या चित्रातल्या कुत्र्याच्या तोंडाशी ठेवला, आणि उकिडवी बसून म्हणाली, "यू यू यू." थांबली. पुन्हा म्हणाली.

आमच्या गल्लीत एक तांबडं कुत्रं आहे, कुणाचंच नाही, एका कानाला फाटलेलं. ते पायरीशी आलं, मान वाकडी करून पाहिलं, दोन पायऱ्या चढलं, पुस्तकावरची भाकरी अलगद उचलली आणि उतरून निघून गेलं. आई हाड म्हणायला तोंड उघडत होती, तिनं मिटलं.

नात कुत्र्याकडे पाहत राहिली, ते कोपऱ्यावर वळेपर्यंत. मग तिनं घाईनं पुस्तक उचलून डोळ्यांजवळ धरलं, पानावर अजून कुत्रा आहे का ते बघायला.